तिकिटाचा हाका आणि संसदेतला हाका

न्यूझीलंडला जाऊन आलेल्या माणसाच्या फोटोंमध्ये एक फोटो हमखास असतो. डोळे वटारलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर काढलेली, मांड्यांवर थापा मारणारी माणसे आणि त्यांच्या शेजारी उभा राहून हसणारा आपला पाहुणा. हा माओरी लोकांचा हाका. मराठीत 'हाका' म्हणजे हाकेचे अनेकवचन. दोन भाषांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही, हा निव्वळ योगायोग आहे. पण बरा जुळून आला आहे. कारण हाका हा नाच कमी आणि हाक जास्त आहे. तो स्वागताला होतो, मयताला होतो, लग्नात होतो आणि अन्यायाविरुद्धही होतो. पर्यटक मात्र त्यातला एकच प्रकार पाहतो. संध्याकाळी सात वाजताचा, तिकिटाचा, जेवणासह!

आता दुसरे दृश्य बघा. १४ नोव्हेंबर २०२४, वेलिंग्टन, न्यूझीलंडची संसद. १८४० च्या वाइतांगी कराराचा अर्थ नव्याने ठरवू पाहणारे विधेयक पहिल्या वाचनासाठी आले होते. ते मांडणाऱ्यांचे म्हणणे असे की सर्व नागरिक समान, मग एका समाजाला वेगळे स्थान कशाला? (हा युक्तिवाद आपल्या वाचकांना ओळखीचा वाटेल. आरक्षणाच्या विरोधात तो आपण किती वर्षे ऐकतो आहोत!) मतदानाच्या वेळी हाना-राफिती माइपी-क्लार्क या २२ वर्षांच्या माओरी खासदार उभ्या राहिल्या, त्यांनी विधेयकाची प्रत टराटरा फाडली आणि हाका सुरू केला. इतर खासदार, प्रेक्षक सज्जातले लोक त्यात सामील झाले. सभागृह तहकूब करावे लागले. जगभरच्या कोट्यवधी लोकांनी ते चित्रीकरण पाहिले. पुढे जून २०२५ मध्ये त्यांना सात दिवसांसाठी आणि पाती माओरी पक्षाच्या दोन्ही सहनेत्यांना प्रत्येकी २१ दिवसांसाठी निलंबित करण्यात आले. त्या संसदेच्या इतिहासात इतकी कडक शिक्षा आधी कोणालाही झाली नव्हती.

गंमत अशी की संसदेत झालेला तो हाका 'का माते' होता. रग्बीच्या मैदानावर ऑल ब्लॅक्स संघ सामन्यापूर्वी करतो तोच! मैदानावर झाला की राष्ट्राचा अभिमान, हॉटेलच्या हिरवळीवर झाला की पर्यटनाचे आकर्षण आणि संसदेत झाला की शिस्तभंग. शब्द तेच, पावले तीच. बदलली ती फक्त जागा, आणि मागणी. संस्कृतीने काही मागितले नाही तोवर तिचे कौतुक होते, ती हक्क मागू लागली की नियमांचे पुस्तक उघडले जाते. माओरी संस्कृती 'अनुभवायला' निघालेल्या प्रवाशाने विमानात बसण्याआधी एवढी एक गोष्ट मनाशी पक्की केली पाहिजे. आज आपल्या वस्त्यांमधली मुलेमुलीही शिक्षणासाठी, नोकरीसाठी ऑकलंडला, वेलिंग्टनला जाऊ लागली आहेत. सुटीत तीही रोटोरुआला जाणार, हाका पाहणार. म्हणून हा लेखनप्रपंच.

रोटोरुआ हे माओरी पर्यटनाचे जुने गाव. जमिनीतून वाफा निघतात, चिखल रटरट शिजतो, गरम पाण्याचे फवारे उडतात. शेजारी तारावेरा डोंगराच्या पायथ्याशी गुलाबी आणि पांढऱ्या दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांची कुंडे होती. ती पाहायला एकोणिसाव्या शतकात युरोपातून श्रीमंत लोक बोटीने येत. त्यांना वाट दाखवायचे काम तूहोउरांगी या माओरी जमातीचे होते. पैसा चांगला मिळे. इतका की त्यांच्या हिनेमिही नावाच्या सभागृहातल्या कोरीव मूर्तींच्या डोळ्यांत शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी बसवलेली होती. १० जून १८८६ च्या रात्री तारावेरा फुटला. शंभराहून अधिक माणसे गाडली गेली, कुंडे नाहीशी झाली, गाव राखेखाली गेले. हिनेमिहीच्या छपराखाली आसरा घेतलेले लोक वाचले. आणि मग काय झाले? काही वर्षांतच देशाच्या ब्रिटिश गव्हर्नरने, लॉर्ड ऑन्स्लोने, ते सभागृह ५० पौंडांना विकत घेतले आणि बोटीत घालून इंग्लंडला आपल्या बागेत नेऊन उभे केले. पर्यटक आठवण म्हणून चावीची साखळी नेतो. हा लाटसाहेब लोकांचा जीव वाचवणारे घरच घेऊन गेला!

उजाड झालेले तूहोउरांगी लोक फाकारेवारेवा या वस्तीत आले. तिथे त्यांच्या नातलगांनी त्यांना जागा दिली. आजही तिथे माणसे राहतात. वाफेवर अन्न शिजवतात, गरम पाण्यात मक्याची कणसे सोडतात, त्याच पाण्याने आंघोळ करतात आणि दिवसभर परदेशी माणसे त्यांच्या अंगणातून फिरत असतात. पुलाखालच्या ओढ्यात पर्यटक नाणी फेकत आणि वस्तीतली पोरे ती बुडी मारून वर काढत, असा तिथला पिढ्यान्पिढ्यांचा रिवाज. वस्तीतली माणसे त्याकडे पोरांचा खेळ म्हणून बघतात, आणि त्यांच्या मुलांबद्दल काय वाटून घ्यायचे ते त्यांनीच ठरवावे. पण नाणे वरून फेकले जाते आणि ते खालून झेलायचे असते, हे चित्र आपल्या समाजाच्या डोळ्यांना इतके परिचयाचे आहे की आपल्यापैकी कोणी त्या पुलावर उभा राहिला तर खिशात घातलेला त्याचा हात जरा थबकेल.

याच वस्तीतली एक बाई आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. तिचे नाव माकेरेती. पर्यटक तिला मॅगी पापाकुरा म्हणत. १९०१ मध्ये इंग्लंडचे भावी राजाराणी आले तेव्हा त्यांना फाकारेवारेवा दाखवणारी वाटाडी तीच. तिचे फोटो पोस्टकार्डांवर छापून विकले जात. पुढे ती इंग्लंडला गेली, तिथे लग्न केले आणि १९२२ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठात मानववंशशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून दाखल झाली. ज्या शास्त्राने तिच्या लोकांची डोकी मोजली, कवट्या कपाटांत मांडल्या, त्या शास्त्राच्या वर्गात ती जाऊन बसली आणि आपल्या लोकांविषयी स्वतः लिहू लागली. बायकांचे जगणे, बाळंतपण, मुलांचे संगोपन, अन्न, घर. गोऱ्या पुरुष संशोधकांना जे दिसलेच नव्हते ते तिने लिहिले. परीक्षेच्या तोंडावर, एप्रिल १९३० मध्ये ती वारली. तिचे लेखन १९३८ मध्ये पुस्तकरूपाने आले आणि २०२५ मध्ये ऑक्सफर्डने तिला मरणोत्तर पदवी दिली. पंचाण्णव वर्षांनी! पोस्टकार्डावर छापली गेलेली बाई स्वतःच पुस्तक लिहिते, यातली झेप आपल्या साहित्याच्या वाचकाला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

आता त्या पाहुणचाराकडे येऊ. माओरी वस्तीच्या मधल्या मोकळ्या जागेला आणि तिथल्या सभागृहाला मिळून मराए म्हणतात. मराएवर पाहुण्याने सरळ आत जायचे नसते. दाराशी थांबायचे. आतून एक बाई लांब सुरात हाक घालते, तिला कारंगा म्हणतात. तो पहिला आवाज बाईचाच. पाहुण्यांच्या बाजूने बाईनेच उत्तर द्यायचे. मग भाला परजत एक योद्धा पुढे येतो आणि पाहुण्यासमोर जमिनीवर एक काडी किंवा पान ठेवतो. ते उचलले की तुम्ही शांततेने आलात असा अर्थ. नजर न हलवता उचलायचे, हसायचे नाही. मग भाषणे, गाणी आणि शेवटी नाकाला नाक व कपाळाला कपाळ लावून एकमेकांचा श्वास घ्यायचा. याला होंगी म्हणतात. त्यानंतर जेवण, बहुधा जमिनीतल्या भट्टीत तापलेल्या दगडांवर शिजवलेले हांगी. या सगळ्या विधीचे नाव पोफिरी.

पर्यटकांसाठीच्या कार्यक्रमांत हे सगळे आटोपशीर होते. बसमधल्या वीस देशांच्या प्रवाशांना सांगितले जाते की तुमच्यातला एक सरदार निवडा, आणि मग कुठला तरी निवृत्त बँक मॅनेजर तासाभरासाठी वीस देशांचा सरदार होतो. हसण्यासारखेच आहे. तरीही त्या पोफिरीत एक गोष्ट शाबूत राहते आणि ती मोलाची आहे. दारात थांबायचे आहे पाहुण्याने. आत घ्यायचे की नाही हे ठरवणारा यजमान आहे. तुम्ही कोण, कुठून आलात, कशासाठी आलात हे आधी सांगायचे आहे. माओरी स्वतःला 'तांगाता फेनुआ' म्हणवतात, म्हणजे भूमीची माणसे. दार त्यांचे, उंबरा त्यांचा. ज्या समाजाने शतकानुशतके दुसऱ्याच्या देवळाबाहेर, दुसऱ्याच्या पाणवठ्याबाहेर, दुसऱ्याच्या मर्जीवर उभे राहून काढली, त्या समाजातला प्रवासी मराएच्या दाराशी उभा राहील तेव्हा त्याला हे थांबणे वेगळे आहे हे कळेल. इथे थांबवतात ते आत घेण्यासाठी. होंगी झाली, जेवण झाले की परका परका राहत नाही.

तरी एक शब्द आपल्या कानाला टोचणारच. 'तापू'. सभागृहात चपला घालून जायचे नाही, अन्नाच्या टेबलावर बसायचे नाही, कोणाच्या डोक्याला हात लावायचा नाही, कारण डोके तापू. इंग्रजीतला 'टॅबू' पॉलिनेशियातल्या याच शब्दापासून आला. शिवू नको, ओलांडू नको हे शब्द ऐकले की आपल्या अंगावर काटा येतो. मग हीसुद्धा शिवाशिवच का? या प्रश्नाशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या आधी भिडलेले आहेत. १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात त्यांनी जगातल्या आदिम समाजांतील विटाळाच्या समजुती तपासल्या, त्यांत पॉलिनेशियातल्या सरदारांच्या तापूचीही नोंद आहे. त्यांचा निष्कर्ष काटेकोर आहे. तिथला विटाळ प्रसंगापुरता आणि त्या त्या माणसापुरता. जन्म, मृत्यू, आजार अशा वेळी येणारा आणि विधीने फिटणारा. इथली अस्पृश्यता वंशपरंपरेची, कायमची, अख्ख्या जमातींना गावाबाहेर टाकणारी आणि कोणत्याही पाण्याने न धुतली जाणारी. मराएवर हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. आलेला पाहुणा सुरुवातीला तापू असतो, आणि जेवण झाले की 'नोआ' होतो, म्हणजे बंधनमुक्त. तिथे एकत्र जेवल्याने तापू उतरतो. आपल्याकडे सहभोजनाने धर्म बुडत होता!

म्हणून जुन्या माओरी समाजाला स्वर्ग ठरवायचीही गरज नाही. हा मोह परिवर्तनवाद्यांना फार होतो. दुसऱ्या देशातला पीडित समाज दिसला की त्याचा सगळा भूतकाळ सोन्याचा करून टाकायचा. तिथेही जन्माने सरदार होते आणि खाली सामान्य माणसे होती. लढाईत पकडलेल्यांना गुलाम करत, आणि सरदाराचा तापू त्या गुलामाच्या उपयोगी पडत नसे. १८३५ मध्ये माओरींच्या दोन जमाती युरोपी जहाजाने चॅथम बेटांवर उतरल्या. तिथल्या मोरिओरी लोकांनी युद्ध न करण्याचा आपला पूर्वापार नियम पाळायचे ठरवले. त्यांची कत्तल झाली, उरलेले गुलाम झाले. बायकांचा प्रश्नही आहेच. पहिली हाक बाईची, पण अनेक मराएंवर औपचारिक भाषण मात्र पुरुषानेच करायचे असा दंडक आहे. १९९८ मध्ये वाइतांगीच्या मराएवर तेव्हाच्या विरोधी पक्षनेत्या हेलन क्लार्क बोलायला उठल्या तेव्हा तितेफाई हाराविरा या ज्येष्ठ माओरी कार्यकर्तीनेच त्यांना अडवले, आणि क्लार्क यांना रडू आवरले नाही. वर्तमानपत्रांनी 'माओरी रूढी स्त्रीविरोधी' असा गजर केला. हाराविराबाईंचा सवाल मात्र फार कमी लोकांनी ऐकला. आमच्या बायकांना जिथे बोलू देत नाहीत तिथे गोऱ्या बाईला का बोलू द्यायचे? हा वाद आजही माओरी समाजात चालू आहे. तो तसा चालू आहे म्हणून ती संस्कृती जिवंत आहे. ज्यात भांडण उरलेले नाही ते संग्रहालयात ठेवतात.

संग्रहालयावरून आठवले. माओरी संस्कृती 'अनुभवणारे' पहिले परदेशी प्रवासी काय घेऊन गेले? माणसांची डोकी. माओरी लोक आपल्या थोर मृतांची गोंदलेली डोकी टिकवून, जपून ठेवत. कॅप्टन कुकच्या पहिल्या सफरीत, जानेवारी १७७० मध्ये, जोसेफ बँक्स या निसर्गशास्त्रज्ञाने त्यातले एक डोके एका म्हाताऱ्याकडून मिळवले, बदल्यात दिली आपली लिननची चड्डी, आणि म्हातारा कां-कूं करू लागला तेव्हा बंदूक दाखवली. पुढे युरोपात या डोक्यांना मागणी वाढली. एका हातात डोके, दुसऱ्या हातात बंदुका असा व्यापार सुरू झाला आणि तो भागवायला गुलामांची डोकी गोंदून ती तोडली जाऊ लागली. १८३१ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या गव्हर्नरला या व्यापारावर बंदी घालावी लागली. ग्राहक संस्कृतीचे काय करतो ते यात आहे. फ्रान्समधल्या रूआं शहराच्या संग्रहालयाने आपल्याकडचे डोके परत द्यायचे २००७ मध्ये ठरवले, तर सरकारने ते अडवले, कारण ती म्हणे राष्ट्राची मालमत्ता! २०१० मध्ये खास कायदा करावा लागला. २०११ मध्ये ते डोके आणि जानेवारी २०१२ मध्ये आणखी वीस डोकी मायदेशी आली. वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयात अशा पूर्वजांचे स्वागत पोफिरीने होते आणि ती प्रदर्शनात मांडली जात नाहीत. प्रवाशाला जे दाखवले जात नाही, तेही त्याने त्या संस्कृतीचा भाग म्हणून समजून घ्यावे.

या लोकांनी जे परत मिळवले ते कोणी दान दिलेले नाही. शाळेत माओरी बोलले म्हणून छड्या खाल्लेल्या पिढीची मुले १९७२ मध्ये तीस हजारांवर सह्यांचा अर्ज घेऊन संसदेवर गेली, भाषा शाळेत शिकवा म्हणून. त्या तरुणांच्या संघटनेचे नाव न्गा तामातोआ. त्याच सुमारास, १९७१ मध्ये, ऑकलंडमध्ये पॉलिनेशियन पँथर स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबईत दलित पँथर. दोघींनी नाव घेतले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून. समुद्रापार बसलेल्या या दोन भावंडांची एकमेकांशी ओळख नसावी, पण आईचे नाव एकच! १९७५ मध्ये ऐंशीच्या घरातल्या फिना कूपर यांनी जमिनीसाठी देशाच्या उत्तर टोकापासून वेलिंग्टनपर्यंत सुमारे हजार किलोमीटर मोर्चा चालवत नेला. १९८२ मध्ये बालवाड्या सुरू झाल्या, जिथे आज्या नातवंडांशी फक्त माओरीत बोलत. १९८७ मध्ये माओरी ही राजभाषा झाली. आज विमानात बसताच जे 'किया ओरा' कानावर पडते त्याच्यामागे एवढी पायपीट आहे.

आणि एक बाब, जी आपल्या वाचकांना चटका लावेल. माइपी-क्लार्क या हाउराकी-वाइकातो या माओरी मतदारसंघातून निवडून आल्या आहेत. १८६७ पासून न्यूझीलंडमध्ये माओरींसाठी स्वतंत्र जागा आहेत. सुरुवातीला चार, लोकसंख्येच्या मानाने फारच थोड्या, आता सात. माओरी मतदार यादीत ज्यांनी नाव घातले आहे तेच तिथे मतदान करतात. म्हणजे काय? म्हणजे स्वतंत्र मतदारसंघ! जो बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेत मिळवला आणि २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे कराराने आपल्या हातून गेला. राखीव जागेवर निवडून आलेला आपला माणूस सभागृहात गप्प का बसतो, याचे उत्तर आपण ऐंशी-नव्वद वर्षे शोधतो आहोत. संसदेत विधेयक फाडणारी ती मुलगी कोणाच्या मतांवर उभी होती हे पाहिले की त्या उत्तराचा एक मोठा तुकडा हाती लागतो. सगळे तेवढ्याने सुटत नाही हेही खरे. २०२३ च्या जनगणनेत माओरी १७.८ टक्के भरले, आणि तुरुंगातल्या कैद्यांत मात्र ते निम्म्याहून अधिक आहेत. ते विधेयक १० एप्रिल २०२५ रोजी ११२ विरुद्ध ११ मतांनी पडले, पण त्याआधी हजारो माणसांना दूरदूरच्या गावांतून राजधानीपर्यंत चालत यावे लागले होते.

मग जाणाऱ्याने काय करावे? जरूर जावे, तिकीटही काढावे. तिकीट काढण्यात काही पाप नाही. फक्त पैसा कोणाच्या खिशात जातो हे विचारावे. दक्षिण बेटावर काइकोउरा येथे १९८७ मध्ये बेकारीने गांजलेल्या माओरी कुटुंबांनी आपली घरे गहाण टाकून देवमासे दाखवण्याचा धंदा काढला. आज तो त्यांच्याच मालकीचा आहे आणि गाव त्यावर उभे आहे. रोटोरुआची ते पुइया आणि तिथली कोरीवकाम शिकवणारी संस्था सरकारच्या हातून २०२० च्या कायद्याने तिथल्या माओरींकडे गेली. अशा ठिकाणी दिलेला डॉलर नाण्यासारखा वरून फेकलेला नसतो. गाइडला हाका कोणाचा हेही विचारावे. 'का माते' रचला न्गाती तोआ जमातीच्या ते राउपाराहा या सरदाराने, आणि त्याचे नाव सांगितल्याशिवाय तो धंद्यासाठी वापरू नये असा २०१४ चा कायदा आहे.

आणि जमल्यास ६ फेब्रुवारी गाठावी. १८४० मध्ये याच दिवशी वाइतांगीला करार झाला. बहुतेक सरदारांनी सह्या केल्या त्या माओरी मसुद्यावर, ज्यात त्यांची सत्ता त्यांच्याकडेच राहणार होती. इंग्रजी मसुद्यात मात्र सार्वभौमत्व राणीला दिलेले होते. भांडण तिथूनच सुरू आहे. दरवर्षी त्या दिवशी पहाटे तिथे प्रार्थना होते, समुद्रात लांबलचक होड्या उतरतात, माणसे देशभरातून येतात. त्या दिवसांत पंतप्रधानांना मराएवर समोर बसून माओरींचे खडे बोल ऐकावे लागतात. एखादे पंतप्रधान टाळतात, तर त्याचीही बातमी होते. तिथेही हाका होतो. एरवी त्या मैदानात शिरायला परदेशी पाहुण्याला तिकीट लागते. ६ फेब्रुवारीला प्रवेश सर्वांना मोफत असतो.